पत्राला एक काना

दि. ६ फेब्रुवारी

ती. आजीस,

भिंगरीचा सा. न. वि. वि. वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या कंपोझिटरकाकांनाही नमस्कार. काका, नरसाळं डाव्या कानाला लावा. उजव्यात कितीही ओरडलात तरी ते भिंतीला सांगितल्यासारखंच आहे.

कारण असं की, मोटारसायकल आली. उंच आहे, दोन्ही पाय टेकवायचे तर मला टाचा उचलाव्या लागतात. दंतवैद्यांच्या खुर्च्या दुरुस्त करून करून कंटाळले होते, म्हणून तीन महिन्यांची सुट्टी मागितली. साहेबांनी इतक्या पटकन दिली की थोडं वाईटच वाटलं. मेमध्ये निघायचं. पठार, मग खिंड, खिंड उतरून मिठाच्या तळ्याच्या काठाकाठानं पुढे आणि तिथून परत.

अडलंय ते पेट्यांपाशी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या असतात. बाबा म्हणतात कापडी पिशव्या बांध, पडलीस तर मऊ तरी पडशील. मला पिशव्या नकोत. त्या भिजतात आणि त्यांना कुलूप नसतं. दोन जोड्या बघून ठेवल्यात. एक जाड प्लास्टिकची, गुळगुळीत, आपटली तरी उसळून पुन्हा होती तशी. दुसरी ॲल्युमिनियमची, चौकोनी, वरून उघडणारी, पत्र दीड मिली जाड, कोपऱ्यांना रिव्हेट. दुकानदार प्लास्टिकच्या बाजूचा आहे. तू आणि आजोबांनी मिळून आयुष्यभर ट्रंका केल्यात, तेव्हा दुकानदाराच्या आधी तुला विचारायचं ठरवलं.

उत्तर लवकर पाठव. रागावलीस तरी चालेल, पण सविस्तर रागाव.

तुझी,
भिंगरी

*

दि. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. कंपोझिटर अ. उ. आ. एवढंच लिहून मोकळे होणार होते. मी म्हटलं, आशीर्वादाचे असे तुकडे करू नका, कागदाला जागा आहे. छापखान्यात जागा वाचवायची त्यांना चाळीस वर्षांची सवय.

तुझं पत्र वाचताना एक गंमत झाली. कंपोझिटरनी वाचलं, पत्र दीड मिली जाड. मी म्हटलं, भिंगरीनं एवढं जाड पत्र लिहिलं आणि चार ओळींत संपलं कसं? त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, काना सुटलाय. मग घरी जाऊन छपाईचा शिशाचा एक खिळा घेऊन आले. सुईएवढी उभी रेघ, एका टोकाला बूड. म्हणाले, हा काना, हा लावला की पत्राचा पत्रा होतो. आम्ही जन्मभर पत्र्याची माणसं, पत्राची नव्हे, आणि दोन्हींत फरक एवढाच! अक्षर असं बोटात धरता येतं हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. खिळा मी परत दिलेला नाही.

(मागितलेलाही नाही. – कंपोझिटर)

आता पेट्या. तुझं ते ॲल्युमिनियम म्हणजे आमचं जर्मल. प्लास्टिकला मी नावं ठेवत नाही, माझी बादली प्लास्टिकचीच आहे. पण प्लास्टिक मोडायच्या आधी सांगत नाही. पत्रा आधी चेमटतो, मग कुरकुरतो, मग फाटतो. तेवढ्या वेळात माणूस काहीतरी करतो. शिवाय चेमटलेला पत्रा ठोकून सरळ होतो. प्लास्टिकची बिजागरी खिंडीत तुटली तर तू काय ठोकणार, कपाळ?

दुकानात गेलीस की दुकानदाराला बोलू दे, ते त्याचं काम. तू कोपऱ्यावरून बोट फिरव. पत्रा दुमडून कोपरा केला असेल तर बोट सरळ घसरतं. नुसता कापून जोडला असेल तर अडतं. सून आणि कोपरा बोट फिरवल्याशिवाय कळत नाहीत, असं माझ्या सासूबाई म्हणत. मी ते बोट चावलं नाही, हा माझा चांगुलपणा. मग विजेरी पेटवून आत ठेव, झाकण लाव आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन बघ. जिथून उजेड बाहेर येतो तिथूनच पाणी आत जातं. आणि वरून उघडणारीच घे. बाजूनं उघडणारी पेटी म्हणजे चहाडखोर शेजारीण. तोंड उघडलं की पोटातलं सगळं रस्त्यावर.

आता माझं काम. तुझ्या वाटेवर मिठाचं तळं आहे. तुझी आत्या तिथे असते. म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी होती. मिठाच्या कारखान्यात मीठ तपासायची नोकरी लागली आणि गेली. घाईत गेली, म्हणून मी तिच्यासाठी केलेली पेटी मागून पाठवायची ठरली होती. आठ दिवसांनी तिची चिठ्ठी आली. तुझ्या आजोबांनी वाचून दाखवली. मी सुखरूप पोचले. पत्र पाठवू नका. त्याचा इथे काही उपयोग होणार नाही. एवढंच. आजोबा म्हणाले, नको तर नको. चिठ्ठी जशी आली होती तशी घडी करून माझ्या हातात दिली आणि कातर घेऊन पत्रा कापायला बसले. तुझे बाबा तेव्हा नोकरीच्या गावी, त्यांनाही असंच कळवलं. पुढे आजोबा गेले, तेही तिला कळवता आलं नाही. फोन तेव्हा नव्हता, आणि आला तेव्हा माझे कान राहिले नव्हते. मला लिहिता येत नाही, तिला काही कळवायचं तर ते आधी कुणाच्या तरी हातून जाणार, आणि घरात लिहिणारा हात एकच होता.

पेटी मात्र अजून माझ्या खाटेखाली आहे. तिनं पत्र नको म्हटलं. पेटी नको असं कुठे म्हटलं? तेव्हा ती तू घेऊन जा. सोबत सुतळी पाठवते. पहिल्या गाठीपासून दुसरीपर्यंत लांबी, तिथून तिसरीपर्यंत रुंदी. ही पेटी आत मावेल अशीच पेटी घे. नाही मावली तर तुझी निवड चुकली असं समज.

तिनं दार उघडलं नाही तर पेटी उंबऱ्याशी ठेवून ये. मला फक्त खरं सांग.

माया आहे तशीच राहू दे, पातळ करू नकोस.

तुझी,
आजी

*

दि. २ मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तो काना माझ्या हातून सुटला. कंपोझिटरकाकांना सांग, शाळेतही सुटायचा.

तुझी सुतळी घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं आधी सुतळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मोजपट्टी पुढे केली. मी म्हटलं, मोजपट्टीनं आमच्या घरचं माप येत नाही. प्लास्टिकची पेटी बाहेरून मोठी दिसते पण आतले कोपरे गोल आहेत. चौकोनी पेटी आत बसतच नाही, चार ठिकाणी अडते. ॲल्युमिनियमच्या जोडीतली उजवी धुराच्या नळीसाठी आतून कापलेली आहे. डावीत मात्र सुतळी तीन गाठींसकट बसली आणि बाजूला दोन बोटं जागा उरली. कोपऱ्यावर बोट घसरलं. पांघरुणाखाली विजेरी लावून बसले तेव्हा बाबा खोलीत आले आणि काही न विचारता परत गेले. उजेड झाकणाच्या एका टोकाला दिसला, तिथली रबराची पट्टी दुकानदाराकडून बदलून घेतली. जोडी घेतली.

पेट्या अडकवायची चौकट लोखंडी नळीची आहे, तिला जाड रंग देऊन घेतेय. तळ्याकाठी ट्रक चालवलेले एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, तिथे हवेतच मीठ आहे, लोखंडी पत्र्याचं काही टिकत नाही, पावसाळाभरात चाळणी होते. लोक कपडेसुद्धा लाकडी खोक्यात ठेवतात. नवा माणूस ट्रंक घेऊन आला की सगळं गाव हसतं. तुझ्या पेटीला आतून-बाहेरून रंग द्यायचा का, ते कळव.

आणि एक विचारू? आत्या मला एवढीच आठवते की तिनं मला सायकल शिकवली. मागे धरलं होतं आणि सोडलं ते सांगितलं नाही. मी वळून बघितलं तर ती फार लांब उभी. जिला आपलं पत्रसुद्धा नको होतं, तिच्या दारात मी काय म्हणून उभी राहू? नेटवर शोधलं, त्या नावाची बाई मिळाली नाही. मला भीती दार न उघडण्याची नाही. उघडून, कोण आपण, असं विचारलं तर?

तुझा लोभ आहेच. तरी मागून ठेवते.

तुझी,
भिंगरी

*

दि. ११ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, पूर्ण अक्षरांत.

तुझं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा कंपोझिटर म्हणाले, बाई, यात नवीन काही येत नाही. मी म्हटलं, ट्रकवाल्याचं तेवढं पुन्हा वाचा.

मिठाच्या हवेत लोखंडी पत्रा टिकत नाही. हे मला का सुचलं नाही? पत्र्याच्या धंद्यात जन्म घालवलेल्या बाईला! पत्र तर कुठेही टिकतं, मिठातही टिकतं. मग पत्राचा तिथे उपयोग होणार नाही, असं शहाणी मुलगी कशाला लिहील? घरात ट्रंकेला आम्ही पत्राच म्हणायचो. मोठा पत्रा उतरव, लहान पत्रा सरकव, अशी आमची बोली.

तेव्हा चिठ्ठी काढली. एकवीस वर्षांत ती मी शंभरदा तरी उलगडली असेन, पण मला ती उलटी धरली काय आणि सुलटी धरली काय, सारखीच. कंपोझिटरना म्हटलं, हिच्यात काना शोधा. त्यांनी भिंग आणलं आणि खिडकीशी गेले. उभी घडी नेमकी त्या शब्दावर आहे. आणि घडीचं मला कुणी शिकवायला नको. रंगवलेला पत्रा दुमडला की रंग आधी दुमडीवरचा उडतो.

(मी खाली सही करून लिहितो की त्र नंतर घडीच्या खोबणीत शाईचा माग आहे. वर शिरोरेघ पुढे गेलेली आहे, खाली रेघेचं टोक शिल्लक आहे. शब्द ‘पत्रा’ असाच आहे. टपालात घडी घासून काना गेला असावा. वाचणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. – कंपोझिटर)

मीही म्हणत नाही. तुझ्या आजोबांनी जे दिसलं ते वाचलं. पत्रा पाठवू नका, त्याचा इथे काही उपयोग होणार नाही. पोरीनं एका ट्रंकेला नको म्हटलं आणि आम्ही एकवीस वर्षं तिला एक अक्षर पाठवलं नाही. माझा कान गेला तो पत्र्यापायी आणि लेक गेली ती कान्यापायी. मी रडले नाही. कंपोझिटर नाक पुसत होते, त्यांना सर्दी झाली असेल.

आता पेटीला रंगबिंग देऊ नकोस. पेटी येणारच नाही. नको म्हणाली होती, ते आता तरी ऐकू. तिच्याऐवजी पाकीट पाठवते आहे. आत तिला पत्र आहे. काय लिहिलंय ते कंपोझिटरना माहीत आहे, तुला असायचं कारण नाही. टपालानं पाठवणार नाही. पत्ता एकवीस वर्षांचा, पाकीट परत आलं तर ते हातात घ्यायची माझी तयारी नाही. तू शोध.

दारात काय म्हणून उभी राहू, असं विचारलंस. टपालवाली म्हणून उभी राहा. कोण आपण असं तिनं विचारलं तर सांग, उशीर झाला.

पाकीट डाव्या पेटीत तळाशी ठेव. एवढ्या मोठ्या पेटीत एवढंसं पाकीट खडखडेल, तर वर कपडे दाब. उजेड पुन्हा एकदा बघून घे.

दोन्हीकडचं वजन सारखं ठेव. मायेचंही.

तुझी,
आजी

*

दि. २९ मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि. खरं सांग म्हणाली होतीस, म्हणून आधी वाईट सांगते. मी पडले.

खिंडीच्या खाली एक ओढा आडवा आहे. पाणी गुडघ्याला, तळाशी गोटे. मध्यावर गाडी डावीकडे कलंडली आणि पेटीवर पडली. पेटी मध्ये होती म्हणून पाय गाडीखाली आला नाही, पण तो सगळा भार पेटीच्या वरच्या कोपऱ्यानं घेतला आणि तो आत चेमटला. झाकण असं रुतलं की किल्ली फिरते पण उघडत नाही. आणि डावी बाजू तासभर पाण्यात होती. दोन मेंढपाळ आले तेव्हा गाडी उठली. तिथून तळ्यापर्यंत दोन दिवस मी पाकीट कोरडं आहे की लगदा झालाय, हे न कळता गाडी चालवली. झाकण पहारीनं उचकटता आलं असतं, मेंढपाळ तयारही होते. मी नको म्हटलं.

चिठ्ठीवरच्या पत्त्यावर आता गोदाम आहे. कारखान्याच्या फाटकावर विचारलं, जुनी मीठ तपासणारी बाई. रखवालदार म्हणाला, तपासणाऱ्या बाई आता सगळ्यांच्या वरच्या साहेब आहेत, तळ्याकडच्या शेवटच्या घरात राहतात. आडनाव वेगळंच सांगितलं. लग्न झालं असावं. मी विचारलं नाही.

दार उघडंच होतं. बाहेर आली ती बाई उंच, केस अर्धे पांढरे, चष्मा कपाळावर. माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ गाडीपाशी गेली आणि पेटीच्या चांगल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, दुमडलेला कोपरा बघून घे असं तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, आजीनं. तिनं तेच बोट पुन्हा एकदा फिरवलं. मग विचारलं, अजून ठोकते का. मी म्हटलं, ऐकू येत नाही आता, पण माणसांना ठोकते. तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, भिंगरी, सायकलवरून पडलीस तेव्हाही असंच तोंड केलं होतंस.

मी सांगितलं की आत पाकीट आहे आणि झाकण उघडत नाही. ती आत जाऊन लाकडी मोगरी घेऊन आली. मोगरी जुनी, मूठ गुळगुळीत झालेली. पत्रा नको म्हणालेली मुलगी इथे मोगरी बाळगून आहे. आधी कडेवर चारपाच हलके ठोके देऊन झाकण सोडवलं. पण आत हात घातला नाही. सगळं मला काढायला लावलं, मिठाची गोणी कोपऱ्याखाली बाहेरून टेकवली आणि आतून ठोकत ठोकत कोपरा सरळ केला. अर्धा तास. पाकीट तोवर माझ्या हातात. कोरडं होतं, आजी. कुठे बोटाएवढासुद्धा डाग नाही.

कोपरा मनासारखा झाला तेव्हा हात पुसले, पाकीट घेतलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी पायरीवर बसले. ऊन तळ्याच्या या काठावरून त्या काठावर गेलं. मग दार उघडलं आणि तिनं विचारलं, जेवलीस का.

सोबत तिचा कागद आहे. घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवून पाठव असं तिनं बजावलंय, म्हणून पाकीट एवढं मोठं.

मी इथे आणखी महिनाभर आहे. आता लोभ दोघींकडून मागते.

तुझी,
भिंगरी

*

दि. २९ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं.

मी पत्र्याबद्दल लिहिलं होतं. इथे गंजला असता आणि तुझ्या हातचा पत्रा गंजताना बघायचा नव्हता. तसं सविस्तर लिहायला हवं होतं. पोस्टकार्डसुद्धा नव्हतं जवळ, अर्धा कागद होता. मग वाटलं, बाबांना पेटीचा राग आला. पहिली तीन वर्षं मी टपालवाल्याला विचारत होते. पुढे तोच मला लांबून बघून मान हलवायचा. मीही तुमचीच, पुन्हा लिहिलं नाही.

बाबांचं तुझ्या पत्रातून कळलं. त्यांची मोगरी मी निघताना न विचारता उचलली होती. हे त्यांना कधी कळलं का?

पत्र पाठव. त्याचा इथे फार उपयोग आहे.

तुझी

*

दि. १४ जून

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. एकवीस वर्षांचे आहेत, पुरवून घे.

मोगरीचं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. नवीन केली आणि मला सांगितलं की जुनी हरवली. हरवलेली वस्तू ते कधी शोधल्याशिवाय राहत नसत, ही मात्र त्यांनी शोधली नाही.

भिंगरीला सांग, कोपरा ठोकल्यावर झाकण पुन्हा पांघरुणाखाली बघायचं असतं. तू केलं असशीलच, पण तिनं शिकायला हवं. आणि तिला निघताना मागून धरू नकोस. धरलंस तर सोडताना सांग.

पेटी खाटेखालीच आहे. इथली हवा कोरडी आहे. तुझ्या सोयीनं येऊन बघून जा. न्यायची नाही, फक्त बघायची. मी गुडघ्यांनी अडलेली आहे, नाहीतर भिंगरीच्या मागे बसून आले असते. कंपोझिटर हे लिहिताना हसत आहेत. त्यांना वाटतं मी गंमत करते आहे.

(या पत्रात मी एकही काना लिहिलेला नाही. प्रत्येक ठिकाणी जागा सोडत गेलो. बाईंनी पत्र्यावर खूण करतात तशी पट्टी धरून सगळे काने स्वतः ओढले. तीन दिवस लागले. पट्टीमुळे सरळ आले आहेत, पण दाबून काढल्यानं कागदाच्या पाठीमागे उमटले आहेत. – कंपोझिटर)

बोट फिरवून बघ, लागतील. मला सगळे आपले सारखेच दिसतात, तेव्हा एखादी जागा राहून गेली असेल. कुठे काना सुटला असेल, तर तू लावून वाच.

तुझी,
आई